थीटा, पाच, अधिक, तीन

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात हॅलिफॅक्स नावाचं गाव आहे. तिथल्या अभिलेखागारात एका बाईच्या डायरीचे २६ खंड जपून ठेवले आहेत. शब्दसंख्या अंदाजे ५० लाख. सॅम्युअल पीप्सची डायरी जगभर गाजली, ती साडेबारा लाख शब्दांच्या आसपास. म्हणजे या बाईनं पीप्सच्या चौपट लिहून ठेवलं, आणि तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षं तिचं नावही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

पानं उघडली की आधी जीव दडपतो. बारीक, घाईचं अक्षर, शब्दोशब्दी केलेली काटछाट. सकाळी किती वाजता उठले, तापमापकात पारा किती होता, किती मिनिटांत किती मैल चालले, कुळाशी भाड्यावरून काय बोलणं झालं, ग्रीकचा कुठला उतारा वाचला. सगळं टिपलेलं. आणि मग वाक्याच्या मध्येच इंग्रजी अक्षरं गायब होतात. पुढे येतात आकडे, कंस, बेरजेची-बरोबरीची चिन्हं, ग्रीक अक्षरं. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही. ओळीच्या ओळी अशा, आणि मग पुन्हा इंग्रजी सुरू, जणू काही झालंच नाही. डायरीचा साधारण सहावा भाग या गुप्त लिपीत आहे.

बाईचं नाव अ‍ॅन लिस्टर. जन्म ३ एप्रिल १७९१. शिबडन हॉल या जुन्या वाड्याची मालकीण, जमीनदार, कोळसा खाणींची चालक, हाडाची प्रवासी. आणि आयुष्यभर स्त्रियांवर, फक्त स्त्रियांवर प्रेम केलेली स्त्री. ते प्रेम तिनं त्या सहाव्या भागात लिहिलं.

माळ्यावरची खोली

ही लिपी जन्मली यॉर्कमधल्या मुलींच्या एका निवासी शाळेत, आणि तिथे या गोष्टीचा एक धागा थेट हिंदुस्थानात येऊन पोचतो. चौदा वर्षांची अ‍ॅन १८०५च्या सुमारास त्या शाळेत दाखल झाली. माळ्यावरच्या उतरत्या छपराच्या खोलीत तिला झोपायला जागा मिळाली. त्या खोलीला सगळे ‘स्लोप’ म्हणत. तिथे तिच्याबरोबर एलायझा रेन नावाची मुलगी राहायची. एलायझा मद्रासची. वडील विल्यम रेन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले शल्यवैद्य, आई भारतीय. वडील वारल्यावर एलायझा आणि तिची बहीण जेन यांना प्रत्येकी ४,००० पौंडांचा वारसा मिळाला होता. मद्रासहून परतलेले विल्यम डफिन नावाचे डॉक्टर यॉर्कमध्ये त्यांचे पालक म्हणून होते.

सावळी, श्रीमंत, आईबापांवेगळी एलायझा आणि पुस्तकांत बुडालेली, कुणाला न जुमानणारी अ‍ॅन. दोघींचं जुळलं. ११ ऑगस्ट १८०६ रोजी, सोमवारी, एलायझा अ‍ॅनच्या घरचा मुक्काम संपवून निघाली. त्या दिवशी अ‍ॅननं कागदाच्या चिटोऱ्यावर त्याची नोंद केली. ५० लाख शब्दांच्या डायरीची ही पहिली ओळ. आणि शेवटची नोंद आहे ११ ऑगस्ट १८४०ची. बरोबर ३४ वर्षं, तारीखसुद्धा तीच.

पत्रं दुसऱ्यांच्या हाती पडण्याची भीती होती, म्हणून या मुलींनी गुप्त अक्षरं वापरायला सुरुवात केली. एलायझानं १८०९-१०मध्ये लिहिलेली छोटी रोजनिशी आजही शिबडनच्या कागदपत्रांत आहे, आणि तीतही तीच लिपी सापडते. आपल्याकडे शाळेतल्या मुली मोठ्यांना कळू नये म्हणून ‘च’ची भाषा बोलतात, तसाच हा खेळ. फरक एवढाच, की अ‍ॅननं तो मोठेपणी सोडला नाही. उलट घासूनपुसून त्याचं हत्यार केलं.

लिपीची घडण पाहण्यासारखी आहे. इंग्रजीतल्या ए, ई, आय, ओ, यू या पाच स्वरांसाठी ओळीनं २, ३, ४, ५, ६ हे आकडे. एच या अक्षराला ग्रीक थीटासारखं, मधोमध आडवी रेघ असलेलं वर्तुळ. पी म्हणजे अधिकचं चिन्ह, एस म्हणजे बरोबरचं. अक्षराला एकच चिन्ह, त्यामुळे ही काही हेरखात्याची लिपी नव्हे. सांकेतिक लिप्या फोडणाऱ्या माणसाला ती एका बैठकीत सुटावी. पण अ‍ॅनला हेर चुकवायचेच नव्हते. तिला चुकवायचे होते आत्या, नोकर, पाहुणे आणि मैत्रिणींचे नवरे. त्यांच्यासाठी ती भरपूर होती. एकदा लिपी हाताशी आली, की भीड कशाची? कागदावर तिनं जे लिहिलं, ते तिच्या काळातल्या कुठल्याच बाईनं इतकं उघड लिहून ठेवलेलं आपल्या हाती आलेलं नाही. ‘किस’ हा शब्द ती बहुतेक वेळा नुसत्या चुंबनासाठी वापरत नाही, त्याच्या पुष्कळ पुढच्या सुखासाठी वापरते, हेही अभ्यासकांना वाचता वाचता उमगलं.

स्वतःला नाव कसं द्यायचं?

अ‍ॅनपाशी आजच्यासारखी ओळख सांगणारी शब्दावली नव्हती. ‘लेस्बियन’, ‘बायसेक्शुअल’ हे शब्द आजच्या अर्थानं रुळायला पुढे बराच काळ लागायचा होता. पण म्हणून स्वतःबद्दल तिचा गोंधळ होता असं समजू नका. २९ जानेवारी १८२१च्या नोंदीत तिनं स्वच्छ लिहिलं, की आपलं प्रेम स्त्रियांवरच आहे आणि दुसऱ्या कुठल्या प्रेमाला आपलं मन तयार होत नाही. हा आपला स्वभाव, तो देवानंच दिलेला, तेव्हा त्यात पाप कसलं, असा तिचा हिशेब. ती नेमानं चर्चला जायची, प्रार्थना करायची. धर्म आणि प्रेम यांचं भांडण तिनं स्वतःपुरतं असं मिटवून टाकलं.

आपल्यासारखी दुसरी बाई ओळखायची कशी, यावरही तिनं युक्ती काढली होती. ती पुस्तकांवर गप्पा सुरू करायची. रोमन कवी जुव्हेनलचं सहावं उपहासकाव्य वाचलंय का, बायरन कसा वाटतो, असं सहज विचारायचं आणि समोरचीचा चेहरा वाचायचा. १८२३मध्ये मिस पिकफर्ड नावाची विदुषी हॅलिफॅक्सला आली. अ‍ॅननं तिला असंच बोलतं केलं. दुसऱ्या एका स्त्रीशी आपलं नातं मैत्रीपलीकडचं आहे, हे मिस पिकफर्डनं हळूहळू कबूल केलं. अ‍ॅननं मात्र आपले पत्ते उघडले नाहीत, आपण त्यातल्या नव्हेच असं बेमालूम भासवलं. घरी येऊन सगळं लिपीत उतरवलं, तेही थोड्या फुशारकीनं.

त्याआधीच्या वर्षी, जुलै १८२२मध्ये, ती वेल्समधल्या लॅनगॉलन गावी गेली होती. तिथे एलेनॉर बटलर आणि सेरा पॉन्सनबी या दोघी १७८०पासून एका घरात राहत होत्या. आयर्लंडमधून घरच्यांच्या विरोधाला न जुमानता पळून आलेल्या या जोडीची कीर्ती अशी, की बडे बडे लोक मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटायला यायचे. एलेनॉर आजारी होत्या, म्हणून अ‍ॅनची भेट फक्त सेराशी झाली. साऱ्या इंग्लंडला ही निर्मळ मैत्रीची मूर्ती वाटे. अ‍ॅनला तसं वाटलं नाही. आपल्या मनावरून तिनं ओळखलं, की इथे मैत्रीपेक्षा अधिक काही आहे. पण तिला त्याहून मोठी गोष्ट दिसली. दोन बाया चाळीस वर्षं एका छपराखाली, आपल्या मर्जीनं राहू शकतात. हे होऊ शकतं!

तिला स्वतःला ते मारियाना बेल्कमबरोबर हवं होतं. मारियाना यॉर्कच्या एका डॉक्टरची मुलगी, अ‍ॅनचं सगळ्यात मोठं प्रेम. पण घरची स्थिती बेताची, आणि १८१६मध्ये तिनं चार्ल्स लॉटन या वयानं बऱ्याच मोठ्या, श्रीमंत विधुराशी लग्न केलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मधुचंद्राला नवरीच्या मैत्रिणीही जात. म्हणून अ‍ॅन बरोबर गेली. तिच्यावर काय गुदरलं असेल, ते सांगायला नको. पुढे अ‍ॅनचं एक पत्र चार्ल्सच्या हाती लागलं. तो मेल्यावर आपण दोघी एकत्र राहू, असा त्यातला बेत. तेव्हापासून त्या दोघींच्या पत्रांतही गुप्त लिपी आली.

नातं तुटलं नाही, पण त्याला तडा गेला तो १८२३च्या ऑगस्टमध्ये. मारियाना घोडागाडीनं येणार होती. अ‍ॅनला धीर धरवेना. माळरान तुडवत कित्येक मैल चालत ती गाडीला सामोरी गेली आणि धुळीनं माखलेल्या काळ्या कपड्यांत, तिन्ही पायऱ्या एका उडीत ओलांडून आत शिरली. गाडीत मारियानाची बहीण होती, नोकरमाणसं होती. मारियाना शरमेनं पांढरीफटक पडली. लोक काय म्हणतील! अ‍ॅनला नवऱ्याचं इतकं लागलं नव्हतं जितकं हे लागलं. त्या तीन पायऱ्यांची सल डायरीत पुढे वर्षानुवर्षं डोकावत राहते.

लोक म्हणतच होते. अ‍ॅन फक्त काळे कपडे घालायची, चाल मर्दानी, आवाज भारी. रस्त्यात लोक मुद्दाम ऐकू जाईल असं विचारायचे, हा बाप्या की बाई? गावानं तिला नाव ठेवलं ‘जेंटलमन जॅक’.

शिबडन हॉलमधला संसार

शिबडन ज्यांचं होतं ते अ‍ॅनचे काका १८२६मध्ये वारले आणि शिबडनचा कारभार अ‍ॅनच्या हाती आला. आता नवरा शोधायची गरज नव्हती. बायको शोधायची होती. १८३२मध्ये तिनं शेजारच्या अ‍ॅन वॉकरला मागणी घातली. मिस वॉकर २९ वर्षांची, लाजरी, मनानं हळवी आणि मोठ्या इस्टेटीची वारसदार. इथे अ‍ॅन लिस्टरला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. मिस वॉकरचा पैसा तिला हवा होता, आणि हे तिनं डायरीत लपवलेलं नाही. ती कट्टर टोरी, म्हणजे हुजूरपक्षीय होती, कुळांच्या मतांवर दाब टाकायची, उच्चकुलीनतेचा तोरा मिरवायची. आणि तरीही ती मिस वॉकरच्या आजारपणांत जागली, तिच्या नातेवाइकांशी भांडली, तिला आपल्या घरी घेऊन आली. पैसा आणि जिव्हाळा यांची सरमिसळ कुठल्या लग्नात नसते?

फेब्रुवारी १८३४मध्ये दोघींनी अंगठ्या घातल्या. ३० मार्च १८३४, ईस्टरचा रविवार, यॉर्कमधलं होली ट्रिनिटी चर्च. दोघींनी शेजारी बसून प्रभुभोजनाचा संस्कार घेतला. पाद्र्याला काही कल्पना नाही, चर्चमधल्या लोकांना नाही. या दोघींच्या लेखी मात्र ते लग्न होतं. पुढे मृत्युपत्रं बदलून एकमेकींच्या इस्टेटीत हयातभराचा हक्क दिला. कायदा त्यांना जोडपं मानत नव्हता, म्हणून त्यांनी कायद्यातल्याच कागदांनी जोडपं उभं केलं. जानेवारी १८३५मध्ये कुणीतरी ‘लीड्स मर्क्युरी’त खोटी लग्नवार्ता छापून आणली, ‘कॅप्टन टॉम लिस्टर’ आणि मिस वॉकर यांच्या विवाहाची. टवाळीच ती, पण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध होते. गावाला सगळं कळत होतं.

१८३८मध्ये पिरिनीज पर्वतरांगेतलं ३,२९८ मीटर उंचीचं विन्यमाल शिखर अ‍ॅननं सर केलं. काही दिवसांनी वर गेलेल्या एका राजपुत्रानं पहिलेपणाचा मान आपल्याकडे घेतल्यावर तिनं वकिलामार्फत वाटाड्याकडून खरं वदवून सही घेतली. पुढच्या वर्षी दोघी रशियाला निघाल्या. मॉस्को, गोठलेली व्होल्गा, कॉकेशस. २२ सप्टेंबर १८४० रोजी आजच्या जॉर्जियातल्या कुताइसीजवळ तापानं अ‍ॅनचा मृत्यू झाला. वय ४९. ज्या मिस वॉकरला सगळे दुबळी समजत, तिनं परक्या मुलखातून आपल्या जोडीदाराचं शव महिनोन्‌महिने प्रवास करून हॅलिफॅक्सला आणलं. २९ एप्रिल १८४१ रोजी दफन झालं. दोन वर्षांनी नातेवाइकांनी मिस वॉकरला वेडी ठरवलं आणि खोलीचं कुलूपबंद दार उघडून तिला शिबडनमधून नेलं.

एलायझाचंही तेच झालं होतं. सज्ञान झाल्यावर आपण अ‍ॅनबरोबर राहू या आशेवर ती होती. अ‍ॅनचं मन दुसरीकडे गेलं. १८१४मध्ये एलायझाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. ते इस्पितळ चालवत होते डॉक्टर बेल्कम, म्हणजे मारियानाचे वडील. १८६०मध्ये यॉर्कजवळच्या ऑस्बाल्डविक इथे ती वारली. मद्रासच्या त्या मुलीला इंग्लंडनं उरलेलं सगळं आयुष्य पहाऱ्यात काढायला लावलं.

किल्ली कुणाच्या हातात

लिपी फुटली ती शिबडनचे शेवटचे रहिवासी जॉन लिस्टर यांच्यामुळे. १८८७पासून ते डायरीतले साध्या इंग्रजीतले उतारे स्थानिक वर्तमानपत्रात देत होते. आर्थर बरेल या शिक्षकमित्राबरोबर त्यांनी चिन्हांचा माग काढायला घेतला. एच आणि ई यांचा अंदाज आला होता. मग जुन्या दस्तांत एक चिठोरी मिळाली. देवाचं नाव घेऊन सुरू झालेलं वाक्य साध्या अक्षरांत आणि शेवटचा शब्द लिपीत. चार चिन्हं, पहिलं एच, शेवटचं ई. थीटा, पाच, अधिक, तीन. होप. आशा! ओ आणि पी मिळाले आणि रात्री दोन वाजेपर्यंत जवळजवळ सगळी लिपी सुटली.

वाचलं आणि दोघं हादरले. बरेलनी सल्ला दिला, जाळून टाका. १८८५मध्येच इंग्लंडनं पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांविरुद्धचा कायदा आणखी कडक केला होता, घराण्याची बेअब्रू समोर दिसत होती. जॉननी डायऱ्या जाळल्या नाहीत. भिंतीच्या लाकडी तक्त्यांमागे ठेवून दिल्या आणि १९३३मध्ये मरेपर्यंत गप्प राहिले.

स्त्रियांमधल्या संबंधांबद्दल इंग्लंडच्या कायद्याची तऱ्हा आणखी मजेशीर. पुरुषांना एके काळी फाशी, स्त्रियांचा उल्लेखही नाही. १९२१मध्ये संसदेत तसा गुन्हा आणायचा प्रयत्न झाला, तर लॉर्डांनी तो फेटाळला. कारण? असं काही असतं हे बहुतेक बायकांना ठाऊकच नाही, कायदा करून आपणच कशाला शिकवा! गप्प बसणं हेच तिथलं धोरण होतं.

जॉनच्या मृत्यूनंतर ग्रंथपालांनी बरेलकडून लिपीची किल्ली मिळवली, आणि तीही जपून, कुलपात. साठच्या दशकात फिलिस रॅम्सडेन आणि व्हिव्हियन इंगम यांनी अभ्यास केला, पण काय छापायचं यावर गावाच्या समितीचा अंकुश होता. शेवटी १९८३च्या सुमारास हॅलिफॅक्सच्याच हेलेना व्हिटब्रेड वाचनालयात गेल्या, दर आठवड्याला थोड्या थोड्या पानांच्या छायाप्रती घेत घरी बसून एकेक ओळ उलगडू लागल्या. १९८८मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मजकूर इतका धीट, की ही बनावट डायरी असावी असं काहींना वाटलं. २०११मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनच्या स्मृतिनोंदवहीत डायरीला स्थान मिळालं. २०१९ला ‘जेंटलमन जॅक’ ही बीबीसीची मालिका आली आणि हॅलिफॅक्सला जगभरच्या समलैंगिक नि उभयलैंगिक स्त्रियांची रीघ लागली. दरवर्षी अ‍ॅनच्या वाढदिवसाला तिथे मेळा भरतो. लॅनगॉलनला एका घरात जे पाहून अ‍ॅन थक्क झाली, ते आता अख्ख्या गावात पाहायला मिळतं.

सगळ्यांत सुरेख काम झालं ते डायरीवरच. अभिलेखागारानं हाक दिली आणि शंभराहून अधिक स्वयंसेवक देशोदेशी बसून पानं उतरवू लागले. बहुतेकांचा इतिहास हा पेशा नव्हे. काहींचा जीव मिस वॉकरमध्ये गुंतला, आणि २०२०मध्ये त्यांच्यातल्याच एकीला, डायन हॅलफर्ड यांना, त्याच अभिलेखागारात मिस वॉकरची स्वतःची छोटी डायरी सापडली. इतकी वर्षं ती तिथेच पडून होती, ओळखायला कुणी नव्हतं. होली ट्रिनिटी चर्चवर २०१८मध्ये बसवलेल्या फलकात ‘लेस्बियन’ हा शब्द टाळला होता. हजारो लोकांनी हरकत घेतली आणि २०१९मध्ये तो शब्द घालून नवा फलक लागला.

‘आमच्या काळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य प्रत्येक देशात, प्रत्येक पिढीत ऐकू येतं. अ‍ॅन लिस्टरच्या डायरीनं त्याचा निकाल लावला आहे. होतं. लिहिलेलंही होतं. सापडल्यावर जाळायचा सल्ला दिला गेला, मग भिंतीत दडवलं, मग कुलपात ठेवलं, मग समितीनं गाळलं. आणि ही झाली वाडा, खाणी नि वकील असलेल्या बाईची कथा. जिच्यापाशी यातलं काहीच नव्हतं तिचे कागद टिकावे कसे? तेव्हा आजीच्या, मावशीच्या, कधी लग्न न केलेल्या आत्याच्या पेटीत मैत्रिणीच्या पत्रांचा गठ्ठा निघाला, तर ‘कशाला ठेवायचं’ म्हणून बंबात घालू नका. आधी वाचा. आणि वाचून कळलं नाही, तरी ठेवा.